विश्लेषण : माथेरानची मिनी ट्रेन घरातल्या टेबलावर धावू शकते का?

नेरळ स्थानकात उतरलेल्या प्रवाशाला रेल्वेची दोन टोके एकाच आवारात दिसतात. एकीकडे मुंबई-कर्जत लोकलचे रूळ, दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर. दुसरीकडे माथेरानला जाणाऱ्या मिनी ट्रेनचे रूळ, अंतर जेमतेम ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. ही छोटी गाडी आणखी छोटी करून घरात मांडण्याचा छंद जगभर जोपासला जातो. आपल्याकडे तो करायचा तर गणित काय, अडचणी कोणत्या आणि त्यातून हाती काय लागते, याविषयी...

नॅरोगेज इतकी अरुंद का ठेवली गेली?

कमी खर्च आणि तीव्र वळणे, ही दोन मुख्य कारणे. रूळ जवळ आले की गाडी अरुंद होते, वजन घटते, हलके रूळ पुरतात आणि डोंगर किंवा शेतजमीन कमी खोदावी लागते. याची सुरुवात शेतातूनही झाली. फ्रान्समधील पॉल डेकोव्हिल यांनी १८७० च्या दशकात बिटाचे पीक चिखलातून बाहेर काढण्यासाठी उचलून नेता येतील असे तयार रूळ वापरले. आज इथे, उद्या पलीकडच्या शेतात, अशी ती रेल्वे होती.

महाराष्ट्रात शेतमालासाठीच्या नॅरोगेजचे ठळक उदाहरण म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेली ही ७६२ मिलिमीटरची रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कापूस, धान्य आणि वारकरी हे तिचे उत्पन्न. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा कॅलथ्रॉप यांचा नियम होता. त्यामुळे मीटरला सुमारे १७ किलो वजनाचे रूळ चालले. आज मुख्य मार्गांवर ६० किलोचे रूळ असतात.

नेरळ-माथेरान मार्ग कसा उभा राहिला?

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सुमारे १६ लाख रुपये. या मार्गाच्या आखणीतही कॅलथ्रॉप यांचा हात होता. लांबी सुमारे २० किलोमीटर, चढ काही ठिकाणी १:२०, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. बोरघाटात १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली, तेव्हा गाडीची दिशा उलटवून चढ पार करावा लागे. माथेरानला त्याऐवजी घोड्याच्या नालेसारखी वळणे घेतली गेली. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची वाफेची इंजिने आणली. त्यांचे पुढचे आणि मागचे आस वळणावर थोडे सरकू शकत.

घरात मांडायची तर प्रमाण कोणते?

छंदात सर्वाधिक रुळलेले प्रमाण १:८७, म्हणजे प्रत्येक माप ८७ पट लहान. या मापाने नेरळ ते माथेरान पूर्ण मार्ग केला तर लांबी भरते २३० मीटर. सुमारे ७५० मीटरचा चढ साडेआठ मीटरचा, म्हणजे जवळपास तीन मजली इमारतीएवढा होतो. म्हणून कोणीही पूर्ण मार्ग करत नाही, एक तुकडा निवडतो. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर प्रत्यक्षातला सुमारे २१० बाय १०५ मीटरचा परिसर बसतो. जुम्मापट्टीसारखे एक स्थानक, एक वळण आणि थोडा उतार, इतके पुरेसे आहे.

खरी डोकेदुखी रुळांची. बाजारात सहज मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ १:८७ मध्ये ७८३ मिलिमीटर दाखवतो. बार्शीच्या ७६२ साठी तो चांगला चालतो, माथेरानच्या ६१० साठी मात्र पाव पटीहून अधिक रुंद पडतो. ६.५ मिलिमीटरचा रूळ ५६६ मिलिमीटर दाखवतो, म्हणजे खऱ्याच्या जवळ. पण एवढे छोटे इंजिन लवकर अडखळते. अचूक हवे तर १:४३.५ प्रमाण आणि १४ मिलिमीटरचा रूळ (६०९ मिलिमीटर) घ्यावा लागतो, आणि त्यातले बरेचसे हाताने करावे लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने ९ मिलिमीटर स्वीकारावा. सुमारे २३ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणात छोटे इंजिन फिरते, त्यामुळे टेबल लहान असले तरी भागते.

परिसर कसा दाखवायचा?

इथे कर्जत-खालापूरकरांना फायदा आहे, कारण मूळ वस्तू दारात आहे. डोंगरासाठी काळ्या दगडाची बारीक खडी, पायथ्याच्या खाचरांसाठी शेतातली चाळलेली माती, भाताच्या काडांसाठी बारीक कापलेली सुतळी. थर्माकोलचा डोंगर करत असाल तर स्प्रे पेंट थेट मारू नका, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. आधी कागदाचा लगदा किंवा प्लास्टर चढवा.

चढ १:२० ठेवला तर दोन मीटरच्या सरळ रुळावर दहा सेंटिमीटर उंची मिळते. मात्र छोट्या इंजिनाची चाके घसरतात, म्हणून आधी फळीवर तीन डबे जोडून चाचणी घ्यावी. जमले नाही तर चढ १:३० करावा.

पावसाळ्याचे काय?

इथला पाऊस प्लायला फुगवतो आणि रुळांवर काळपट थर आणतो. फळीच्या सहाही बाजूंना वॉर्निश लावावे, रुळांच्या सांध्यात किंचित फट ठेवावी, रूळ निकेल सिल्व्हरचे घ्यावेत आणि चालवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. गाडी सांध्यावर थांबते तेव्हा दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतो, वीज पोहोचत नसते. दर मीटरभर रुळाला वेगळी तार दिली की ही तक्रार जवळपास संपते.

प्रदर्शनात नेताना काय लक्षात घ्यावे?

आठ फुटांची अखंड फळी दारातून निघत नाही. म्हणून चार बाय दोन फुटांचे तुकडे करून बोल्टने जोडावेत आणि तारांना प्लग द्यावेत. मागे पडद्याआड एक लपवलेले यार्ड ठेवले की गाड्या अदलाबदल करता येतात. टेबलाची उंची शाळकरी मुलांच्या नजरेला येईल इतकीच असावी. जवळ एक राखीव इंजिन हवे, कारण दिवसभर चालणारे इंजिन तापते. ही सगळी हलवाहलव टाळण्याचा एक मार्ग म्हणजे कायमची जागा. पुण्यातील कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे.

हे सगळे कशासाठी?

बार्शी लाइटचे रूळ ब्रॉडगेज रूपांतरात उखडले गेले. पंढरपूर-मिरज हा शेवटचा टप्पा २०१० च्या सुमारास रूपांतरित झाला. आता त्या गाडीचे मॉडेल करायचे तर आधार नकाशांचा, छायाचित्रांचा आणि वाचलेल्या इंजिनांचा. माथेरानचा मार्ग २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेला, २०१६ मध्ये घसरणीच्या घटनांनंतर बंद पडला, २०१९ च्या पावसात पुन्हा खचला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण सुरू झाला. दर वेळी दुरुस्तीत काहीतरी बदलते. जुने स्लीपर जातात, भिंती काँक्रीटच्या होतात.

म्हणून मॉडेल करायचे असो वा नसो, मापे घेऊन ठेवायला हरकत नाही. पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज टप्पा बंद असतो, त्यानंतर गाडी सुरू झाली की स्थानकांवरून छायाचित्रे काढा, सोबत फूटपट्टी किंवा ठरावीक उंचीची काठी फ्रेममध्ये ठेवा. रुळांवर उतरू नका, तो रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. फलाटाची उंची, खिडकीची रुंदी, पाण्याच्या टाकीचे पाय आणि तारीख, एवढे वहीत लिहिलेले असले तरी पुढच्या मॉडेलकाराचे निम्मे काम झालेले असते.