बर्लिंग्टनचे इंटरनेट नक्की कधी विकले गेले?

खासगीकरण म्हटले की आपल्या तरुणांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आरक्षित नोकऱ्यांचा. तो रास्तच आहे. पण लोकांच्या मालकीची वस्तू विकली जाते तेव्हा लोक नेमके कशासाठी भांडतात, हे समजून घेण्यासाठी आम्ही यावेळी अमेरिकेतील एका शहराचे उदाहरण घेतले आहे.

व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन हे जेमतेम 45 हजार वस्तीचे शहर. बर्नी सँडर्स 1981 ते 1989 या काळात येथेच महापौर होते. येथील वीजपुरवठा 1905 पासून शहराच्या मालकीचा आहे. वीज आपली, मग इंटरनेट आपले का नको, असा विचार येथे रुजला आणि ‘बर्लिंग्टन टेलिकॉम’ उभी राहिली. घरोघरी फायबर, मालक शहर. समोर स्पर्धेला कॉमकास्टसारखी बलाढ्य केबल कंपनी होती. खर्च वाढत गेला, उत्पन्न मात्र कमी पडले.

खरा घोटाळा 2009 मध्ये बाहेर आला. तेव्हाचे महापौर बॉब किस यांच्या प्रशासनाने शहराच्या सामायिक निधीतून सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर या कंपनीत ओतले होते. अशी उचल 60 दिवसांत परत करावी, ही राज्याने परवाना देताना घातलेली अट होती. ती मोडली गेली आणि नागरिकांना पत्ताही लागला नाही. पुढे सिटीबँकेच्या कर्जाचे हप्ते थांबले. बँकेने 3 कोटी 30 लाख डॉलरहून अधिक रकमेचा दावा ठोकला. मूडीज या संस्थेने शहराची पत अगदी काठावर आणून ठेवली. म्हणजे भुर्दंड इंटरनेट न घेणाऱ्यांच्याही माथी आला, कारण पत घसरली की शहराला प्रत्येक कर्ज महाग पडते.

2014 मध्ये 1 कोटी 5 लाख डॉलरवर तडजोड झाली. तिच्यातच पुढच्या विक्रीची सोय होती. कंपनी विकून येणाऱ्या पैशात बँकेचाही वाटा ठरला, आणि विक्रीला जितका उशीर तितका शहराचा वाटा कमी.

त्यामुळे 2017 मध्ये शहरात चर्चा सुरू झाली ती विकावे की नाही याची नव्हती, कोणाला विकावे याची होती. काही नागरिकांनी ‘कीप बीटी लोकल’ नावाची सहकारी संस्था काढली आणि ग्राहकांनीच मालक व्हावे म्हणून 1 कोटी 20 लाख डॉलरची बोली लावली. सभांमध्ये बोलणाऱ्यांचा कल मोठ्या प्रमाणात या संस्थेकडे होता. आज बाहेरच्या कंपनीला दिले तर ती उद्या कॉमकास्टला विकून मोकळी होईल, ही भीती वारंवार बोलून दाखवली गेली. विरोधी बाजूही पोकळ नव्हती. करदात्यांचे पैसे आधीच बुडाले होते, मग निम्म्याहून कमी किंमत का घ्यायची? आणि सहकारी संस्था बोलीची रक्कमही कर्ज काढूनच उभी करणार होती. हा प्रश्न विचारणाऱ्यांना भांडवलदारांचे हस्तक म्हणणे आम्हाला पटत नाही.

12 जणांच्या नगर परिषदेत सहकारी संस्था आणि टिंग ही कंपनी यांच्यात 6-6 अशी मते पडली. अखेर नोव्हेंबरमध्ये इंडियाना राज्यातील शुर्झ कम्युनिकेशन्सची 3 कोटी 8 लाख डॉलरची बोली मान्य झाली आणि मार्च 2019 मध्ये व्यवहार पुरा झाला. सगळे वाटे वजा जाता शहराच्या हाती आलेली रक्कम त्या बुडालेल्या 1 कोटी 70 लाखांपेक्षा बरीच कमी होती.

आमच्या मते बर्लिंग्टनकरांनी मालकी गमावली ती 2017 च्या मतदानात नव्हे. हिशेब लोकांपासून दडवला गेला तेव्हाच ती हातची गेली होती, आणि तो दडवणारी कोणी खासगी कंपनी नव्हती, लोकांनी निवडून दिलेले प्रशासन होते. सहकारी संस्थेच्या बाजूने आलेली माणसे, त्यांची ती सगळी तळमळ, आठ वर्षे उशिरा सभागृहात पोहोचली. वीज कंपनी मात्र अजूनही शहराचीच आहे.