शहाळ्यापासून कांदळापर्यंत

तळेऱ्याच्या नाक्यावर एसटीची वाट बघणं हा पूर्णवेळ उद्योग आहे. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो, एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरतो, एक पूर्वेला वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. गाडी कुठूनही यायची असली तरी ती उशिराच येते. मग माणूस शहाळं घेतो. शहाळंवाला विचारतो, "पान्याचा देव काय मलईचा?" या प्रश्नात पेशीविज्ञानाचा एक अख्खा तास सामावलेला आहे.

शाळेत पेशी म्हटली की कांद्याचा पापुद्रा. आठवीतल्या 'पेशी व पेशीअंगके' या धड्यापासून पुढं जन्मभर पेशी म्हणजे काचपट्टीवर आयोडीनने रंगवलेली कांद्याची वीटबांधणी. सोय म्हणून हे ठीक आहे. कांदा बारमाही आहे आणि त्याचा पापुद्रा एका पेशीच्या जाडीचा सुटतो. पण कोकणातल्या मुलाला कांदा घाटावरून आणून दाखवायचा आणि दारातला माड सोडून द्यायचा, हे मला कधी पटलं नाही.

रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या पातळ कापात जी खुराडी पाहिली, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. शहाळ्यात उलटा प्रकार आहे. नारळाच्या फुलात परागनलिकेतून दोन पुंयुग्मके येतात. एक अंडपेशीशी मिळतं आणि भ्रूण होतो. दुसरं मधल्या दोन केंद्रकांशी मिळतं आणि भ्रूणपोष होतो. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने 1898 मध्ये प्रथम दाखवलं. पुढे भ्रूणपोषाचं केंद्रक दुभागत राहतं, पण पेशीभित्तिका काही बनत नाहीत. शेकडो केंद्रकं एकाच द्रवात सुटी तरंगत राहतात, आणि तो द्रव म्हणजे शहाळ्याचं पाणी. सहा-सात महिन्यांनंतर करवंटीच्या कडेनं भित्तिका उभ्या राहू लागतात आणि पातळ मलईचा थर धरतो. बाराव्या महिन्यापर्यंत त्याचं खोबरं होतं. शहाळंवाल्याचा प्रश्न नेमका एवढाच असतो, की पेशींच्या भिंती घालून झालेल्या हव्यात की अजून न घातलेल्या.

आणखी एक गंमत. माडाच्या पानात, मुळात, खोडात प्रत्येक पेशीला 32 गुणसूत्रं असतात. खोबऱ्यातल्या पेशीला 48, कारण त्यात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. म्हणजे आपण रोज खवणीवर जे किसतो ते ना आईचं अंग, ना पोराचं. ती पोरासाठी बांधून दिलेली शिदोरी आहे, आणि ती आपण सोलकढीत ओतून संपवतो.

या पाण्याचं कर्तृत्व प्रयोगशाळांनीही ओळखलं. 1941 मध्ये व्हॅन ओव्हरबीक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण नारळपाण्यात वाढवून दाखवले. पुढे कॉर्नेलमध्ये स्टीवर्डने गाजराच्या सुट्या पेशींना नारळपाणी घातलेल्या द्रावणात वाढवलं, आणि 1958 पर्यंत त्या पेशींपासून गाजराची पूर्ण रोपं उभी केली. एका पेशीत अख्खं झाड दडलेलं असतं हा आज पाठ्यपुस्तकात सहज लिहिला जाणारा विचार असा नारळपाण्यावर पोसला गेला. पेशी विभागायला लावणारी सायटोकायनिनं त्यात असतात, हे मागाहून नीट कळलं.

माडाबद्दल आणखी एक निरीक्षण, कोणालाही फुकटात करता येईल असं. वर चढायला माडाच्या खोडावर कोयत्याने खाचा पाडतात. वीस वर्षांनी पाहा, खाच आहे तशीच आहे. शेजारच्या आंब्याला केलेला घाव मात्र दोन-चार पावसाळ्यांत साल चढून मिटतो. आंब्याच्या सालीखाली सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पातळ ओलसर थर असतो, कँबियम. माडाला तो नाही. म्हणून माडाचं कलम होत नाही आणि आंब्याचं होतं. सिंधुदुर्गाचं सारं हापूसचं अर्थकारण या दिसेल न दिसेल अशा थरावर उभं आहे.

पावसाच्या तोंडाशी कोय मातीत घातली की तांबूस पानांचा कोवळा कोंब येतो. तो कोंब छाटून उभा चिरायचा, त्याच जाडीची हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, थराला थर भिडवून पट्टी गुंडाळायची. हे कोय कलम. जुनी माणसं भेट कलम करायची. त्यात दोन जिवंत झाडं शेजारी बांधून महिनोन्महिने थांबावं लागे. कलम बांधणाऱ्याला कँबियम हा शब्द माहीत नसतो, पण "साल सालीक भिडाक व्हयी" हे तो पहिल्याच दिवशी शिकलेला असतो. पोर्तुगीज काळात गोव्यात या कसबाला जोर आला आणि अफोन्सो दे आल्बुकर्कच्या नावावरून फळाला नाव मिळालं. आज देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत उभी असलेली हापूसची झाडं म्हणजे काडीकाडीने वाढवत नेलेलं जवळपास एकच झाड आहे.

मग चव का बदलते? देवगडचा, रत्नागिरीचा आणि कोणा दूरच्या जिल्ह्यात लावलेला हापूस, जनुकांचा संच तोच. 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते माती, खारा वारा आणि कातळाच्या तापण्याला मिळालं असं मला वाटतं. शाळेतला आनुवंशिकतेचा धडा मेंडेलच्या वाटाण्याभोवती फिरतो. त्याला हापूसचं एक पान जोडलं, तर परिसराचाही फळावर हक्क असतो हे पोरांना चवीसकट कळेल.

हापूसचा मोठा दोष म्हणजे साका. वरून सोन्यासारखं फळ, कापलं की कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. बागायतदाराची नाचक्की आणि दलालाची हक्काची तक्रार. फार वर्षं साक्याचा दोष उन्हाला, खताला, पिकवण्याच्या अढीला दिला जाई. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बोट वेगळीकडे दाखवलं, थेट कोयीकडे. आंब्याचं बी वाळून निपचित पडणारं नाही. ते भात किंवा कुळथासारखं वर्षभर मडक्यात थांबत नाही; ओलं असतं तोवर जिवंत, वाळलं की मेलं. हापूसमध्ये हे बी कधी कधी फळ झाडावर असतानाच रुजण्याच्या तयारीला लागतं, आणि त्यासाठी लागणारा ऐवज भोवतालच्या गराकडून ओढू लागतं. म्हणजे साका हा रोग नव्हे, घाईला आलेलं बाळंतपण आहे.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं 1981 मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका नाही. 1992 मध्ये रत्ना आणि हापूसपासून 'सिंधू' आला. त्याची कोय इतकी पातळ की बी नसल्यातच जमा. तरी लोकांना हापूसच हवा. आवडीनिवडीपुढे संकरशास्त्राचं काही चालत नाही.

आता पश्चिमेचा रस्ता धरा. वाघोटनच्या खाडीकाठी उतरलात की हाच घाईचा प्रकार चिखलात शहाणपण ठरलेला दिसेल. कांदळाच्या फांद्यांना हिरव्या, वीतभर किंवा त्याहून लांब, शेवग्यासारख्या शेंगा लोंबतात. त्या शेंगा नव्हेतच. बी फळातच आणि फळ झाडावरच असताना रुजतं आणि खाली वाढत येतं. लोंबणारा दांडा म्हणजे त्या रोपाचा बुंधा. ओहोटीला सुटला तर चिखलात रुतून उभा राहतो, भरतीला पडला तर तरंगत दुसरीकडे जातो. खाऱ्या पाण्यात उघडं बी टाकून ते रुजेल या आशेवर राहणं कांदळाला परवडणारं नाही. जी गोष्ट हापूसमध्ये पेटी बाद करते, तीच इथे वंश चालवते. मला विचाराल तर बीजांकुरण शिकवायला या दोन झाडांची जोडी पुरेशी आहे, आणि दोन्ही तळेऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर आहेत. फणसाच्या आठळ्यासुद्धा पिकून फुटलेल्या फणसात कधी कधी मोड काढून बसलेल्या सापडतात.

खाडीत आणखी बघण्यासारखं म्हणजे तिवर. चिखलातून पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी वर आलेली मुळं श्वास घेतात, कारण चिखलात प्राणवायू नसतो. तिवराचं पान जिभेला लावून पाहा, खारट लागतं. झाड पानावाटे मीठ बाहेर टाकतं. कांदळ मात्र बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. राज्याने 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. घोषणा झाली, पण खाडीकाठच्या शाळांतही चिप्पी ओळखणारी मुलं कमी.

रातांब्याचा मात्र खुलासा केलाच पाहिजे. परसात उगवलेलं रोप निगुतीनं वाढवायचं, सहा-सात वर्षांनी फुलं येतात, आणि मग म्हातारी सांगते, "ह्यो नर आसा, ह्येका रातांबे लागाचे नाय." कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून लावलं तर निम्मी रोपं नर निघाली तरी नवल नाही. कलम करून मादीचीच रोपं घेता येतात, पण आडव्या फांदीची काडी घेतली तर झाड जन्मभर आडवंच पसरतं. सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी लागते. आणि कोकमाच्या आगळात चिमूटभर चुना टाकून रंग बदलताना पाहा. लिटमस कागदाची पुडी मागवावी लागत नाही.

समुद्रावर मी थोडक्यात आटोपतो, कारण मालवणचा मासा सगळ्यांनी लिहिलाय. 13 एप्रिल 1987 रोजी मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळाच्या पेशीत शैवाल राहतं, अन्न बनवून देतं आणि आसरा घेतं. पाणी फार तापलं की प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. 'प्राण्यांचे वर्गीकरण' शिकायला मालवणचा लिलाव पुरेसा आहे. मोरी कापली की काट्याऐवजी कूर्चा, बांगड्यात हाडं, कुर्लीला बाहेरून कवच, तिसऱ्याला दोन शिंपले. फक्त शिक्षकानं मासे विकत घेण्याआधी पाच मिनिटं थांबायला हवं.

पूर्वेचा रस्ता पावसाळ्यात धरावा. करूळच्या घाटात ओल्या रस्त्यावर गांडुळासारखं पण चांगलं जाड, जांभळट काही सरपटताना दिसलं की गाडीवाले साप म्हणून ठेचतात. तो देवगांडूळ. त्याला पाठीचा कणा आहे, पाय नाहीत, आणि तो बेडकाचा नातलग आहे. 2003 मध्ये आंबोलीतून या कुळातली एक नवी जात वर्णिली गेली, गेगेनिओफिस डॅनिएली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनिएल यांच्या नावावरून. 2009 मध्ये तिथलीच झँथोफ्रायने टायगेरिना ही भेकाची जात वर्णिली गेली, जी पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालते. डबकं आटायच्या आत अंड्याचा भेक व्हायला हवा. कातळसड्यावरच्या सगळ्याच जीवनाची हीच तऱ्हा. सीतेच्या आसवांची निळी चादर पसरते, दवबिंदू किडे धरतो, कारण जांभ्यावर नत्राची वानवा. आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळं खलास.

बेडकाचं नाव निघालं की आमच्या पिढीला प्रात्यक्षिकाची ट्रे आठवते. मेणावर टाचण्यांनी टोचलेला बेडूक, फॉर्मॅलिनचा वास, आणि पोटातली अंडी पाहून गप्प झालेली मुलगी. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही विच्छेदन आवरतं घ्यायला सांगितलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की ट्रे गेली आणि तिच्या जागी चित्र आलं. पावसातला बेडूक आलाच नाही.

गोचीड-विषाणूंचा धडा दोडामार्ग तालुका अंगावर घेऊन शिकला. 2016 च्या सुरुवातीला केर गावात माकडताप आला. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा विषाणू जंगलातल्या गोचिडीमार्फत पसरतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि काजू गोळा करायला गेलेल्या माणसाला चिकटतात. गोचीड कीटक नव्हे, आठ पायांची; कोळ्याच्या वर्गातली. परीक्षेत हा गुण हमखास जातो.

मालवणात 18 नोव्हेंबर 1884 रोजी जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. कलकत्ता विद्यापीठात ते प्राध्यापक होते, 1946 मध्ये पुण्यात त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आज तीच आघारकर संशोधन संस्था. पण त्यांचं पहिलं गाजलेलं काम एका प्राण्यावरचं आहे. सह्याद्रीच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली, ज्या गटातल्या जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतूनच माहीत होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अडकून पडल्यावरही त्यांनी अभ्यास सोडला नाही. वनस्पती आणि प्राणी हे दोन वेगळे तास आहेत, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

आता शेवटचं प्रात्यक्षिक. शेतबांधावरच्या रानअळूचा देठ कापून त्याचा रस काचपट्टीवर घ्या, वर झाकणकाच ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींत सुयांचे जुडगे दिसतील. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. पेशी फुटली की ते मोकळे होतात आणि घशात टोचतात. खाज म्हणतात ती हीच. पट्टी धुऊन घरी जावं. श्रावणात त्या दिवशी अळूचं फदफदं असण्याचीच शक्यता जास्त, आणि आईनं त्यात सोलं टाकलेली असणारच.