वजावटीचा दावा आणि पुराव्याचा भार

कापसाचा हंगाम सुरू झाला की जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जिनिंग कारखान्यांच्या वजनकाट्यांवर गाड्यांची रांग लागते. सरकी, ढेप, डाळ व गाठी यांची उलाढाल वाढते आणि तिच्याबरोबर बीजकांचे गठ्ठेही वाढतात. या बीजकांवर करवजावटीची मागणी उभी असते. आधार नसलेली मागणी किती महाग पडते, याची कल्पना मात्र पुष्कळदा नोटीस हाती पडल्यावरच येते.

राज्यात १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर लागू झाला, तेव्हापासून खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वजा करून मिळू लागला. पण विक्रेत्याने घेतलेला कर शासनाच्या तिजोरीत भरलाच नाही तर? कायद्याच्या कलम ४८ (५) अन्वये, प्रत्यक्ष भरणा झालेल्या करापेक्षा अधिक वजावट मिळत नाही. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन या जिनिंग कारखान्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. प्रामाणिक खरेदीदाराला ती कठोर वाटते, आणि ते अकारण नाही. तथापि माल न देता केवळ बिले देणाऱ्या ‘हवाला’ व्यापाऱ्यांचा सुळसुळाट त्या काळात झाला होता, हेही विसरता येत नाही.

कर्नाटकातील एका कॉफी व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले की, बीजक आणि धनादेश एवढ्यावर व्यवहार सिद्ध होत नाही. विक्रेत्याचे नाव व पत्ता, वाहनाचा तपशील, भाड्याची रक्कम आणि माल पोहोचल्याची पोच हा पुरावा खरेदीदारानेच द्यावयाचा असतो. काटापावती व वाहतुकीची बिल्टी जपून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तरी हा भार हलला नाही. १ जानेवारी २०२२ पासून तर विक्रेत्याने आपल्या विवरणात बीजक दाखविल्याखेरीज वजावट घेता येत नाही. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसाची गोष्ट वेगळी. तेथे नोंदणीकृत खरेदीदार स्वतःच रोखीने कर भरतो, स्वतःच बीजक तयार करतो आणि मग वजावट घेतो. साहजिकच भरण्याचा पुरावाही त्याच्याच दप्तरात हवा.

दहा लाख रुपयांच्या गाठींवर ५ टक्के दराने ५०,००० रुपये कर होतो. ही वजावट चुकीने घेऊन वापरली व वर्षाने नामंजूर झाली, तर मूळ करावर १८ टक्के दराने ९,००० रुपये व्याज चढते. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी, कपट नसल्यास शास्ती कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यांतील जी अधिक ती, येथे १०,०००. कपट सिद्ध झाल्यास शास्ती कराइतकीच, म्हणजे एकूण बोजा १,०९,००० रुपये. कपट नसेल आणि नोटिशीनंतर साठ दिवसांत कर व व्याज भरले, तर शास्ती माफ होते. म्हणून नोटीस बाजूला न ठेवता, दप्तर घेऊन करसल्लागाराकडे त्याच आठवड्यात जाणे इष्ट.