हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका

"ताई, ब्रश लावला की रक्त येतं. म्हणून बोटानंच घासते." वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की हे वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं. कुणी मिश्री लावते, कुणी नुसती चूळ भरते. रक्त पाहून भीती वाटणारच. पण ब्रश सोडला की दुखणं वाढतं.

याचा पुरावा आहे. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली. त्यांतले ९ जण दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. सगळ्यांनी दात साफ करणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्यांना सूज आली. पुन्हा नीट साफ करू लागल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या बऱ्या झाल्या.

म्हणजे दातांचं शिक्षण घेणाऱ्यांनाही घासणं सुटलं की तेच होतं. हे नशीब नाही, अंगातली उष्णताही नाही. दात आणि हिरडीच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर साचतो, त्यानं हिरडी सुजते आणि रक्त येतं. हाच थर पुढं कडक होऊन कीटण बनतो. ते ब्रशनं निघत नाही, दवाखान्यात काढावं लागतं. त्यानं दात हलतात हा गैरसमज आहे. उलट दुर्लक्ष केलं तर आतलं हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

मग करायचं काय? मऊ ब्रश घ्या. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटं, हिरडीच्या कडेपासून हलक्या हातानं घासा. नळाला पाणी नसलं तरी पेलाभर पुरतं. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरू नका. ब्रश प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

मिश्री, तंबाखू, गुटखा सोडा. तंबाखूमुळे रक्त कमी दिसतं, आजार मात्र आत वाढत राहतो. मधुमेह असेल तर हिरड्यांची जास्त काळजी घ्या. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, तेव्हाही ब्रश चालू ठेवा.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, पू आला, दात हलू लागला, तर तपासून घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथं विद्यार्थी उपचार करतात, म्हणून कचरू नका. त्यांच्यावर शिक्षकांची देखरेख असते.

बायाबापड्यांनो, घरातल्या सगळ्यांचं जेवण झाल्यावर आपण शेवटी निजतो आणि स्वतःचे दात राहून जातात. आज रात्री ते राहू देऊ नका.