भीमाकाठ : लेखांक ५ – गाळ वर अडला, वाळू खाली सरली

मागच्या लेखांकात भीमेचं पाणी कुठे कुठे अडतं ते पाहिलं. या आठवड्यात त्या पाण्याबरोबर येणाऱ्या मातीचा माग काढू.

भीमा पावसाळ्यात डोंगरउतारांवरची आणि नांगरलेल्या रानांतली माती घेऊन निघते. उजनीच्या जलाशयात शिरताच तिचा वेग मंदावतो. जाड रेती आणि वाळू भिगवणच्या वरच्या अंगालाच खाली बसते. बारीक गाळ पुढे धरणाच्या भिंतीकडे सरकतो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसींहून अधिक मृतसाठा. गाळ या मृतसाठ्यातच जातो, असा समज आहे. प्रत्यक्षात जलाशयाच्या तोंडाशी बसणारा गाळ आपल्या वापराच्या पाण्याची जागा खातो.

आता धरणाखाली या. १९८०मध्ये धरण पूर्ण झाल्यापासून सांडव्यावरून उतरणारं पाणी बराचसा गाळ मागे ठेवून येतं. त्याच्या अंगात वाहून नेण्याचं बळ असतं, पण नेण्यासारखं फारसं काही नसतं. मग ते पात्राचा तळ आणि काठ खरवडतं. पुढे नरसिंहपूरला नीरा मिळते, पण तिचाही गाळ भाटघर आणि वीर धरणांत अडलेला असतो.

अशा पात्रातून आपण वाळू काढतो. पंढरपूर, मंगळवेढा भागात ब्रासच्या हिशेबाने गेलेली वाळू पुढच्या पुरात तेवढीच भरून येत नाही. वाळूच्या थरात पाणी मुरतं आणि काठच्या विहिरींना पाझरतं. थर गेला की पात्र खोल होतं, विहिरीचं पाणी नदीकडे ओढलं जातं. काठाचा पाया सुटतो आणि पुरात उसाच्या फडाची कड दरडीसकट कोसळते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची रचना मात्र जाणतेपणाने केलेली आहे. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे, म्हणजे पुराबरोबर गाळ वाहून जातो. पावसाळा सरल्यावर ते बसवून पाणी अडवायचं. बर्गे वेळेवर निघाले नाहीत, तर मागचं पात्र गाळाने भरतं.

या साखळीचं शेवटचं टोक समुद्रावर आहे. भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यातल्या धरणांमुळे समुद्रापर्यंत जाणारा गाळ घटला आणि आंध्रातला तिचा त्रिभुज प्रदेश काही ठिकाणी झिजू लागला. १९७०च्या आस्वान धरणानंतर नाईलच्या मुखाशीही हेच घडलं.

म्हणून गाळ आणि वाळू ही दोन खाती वेगळी ठेवून चालणार नाही. केंद्राच्या २०२०च्या वाळू-उपशाविषयीच्या मार्गदर्शक सूचना पात्रात वाळू किती भरून येते याचा अभ्यास करायला सांगतात. त्या अभ्यासात वरच्या धरणांनी किती गाळ अडवला, हेही मोजलं पाहिजे आणि लिलाव त्या आकड्यावरच ठरला पाहिजे. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या उजनीच्या काठावरचा सुपीक गाळ तपासून शेतात नेता येतो. ते काम दर वर्षी, नियोजन करून व्हायला हवं. नदीने जे आणलं नाही, ते तिच्याकडून काढून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पुढच्या लेखांकात : सीना नदी आणि तिच्या पुराचं बदलतं रूप.