बिघाड उन्हाळ्याचा, तक्रार हिवाळ्याची
एलसीडी मॉनिटर बंद पडतो तेव्हा नेमके काय घडते?

जळगाव (प्रतिनिधी) : संगणक सुरू करताच पडद्यावर कंपनीचे नाव उमटते आणि दोन सेकंदांत सारे काळे होते. कोपऱ्यातील छोटा दिवा मात्र लुकलुकत राहतो. खासगी शिकवण्या, झेरॉक्सची दुकाने, पतसंस्था अशा ठिकाणी जुने एलसीडी मॉनिटर अजूनही वापरात आहेत. तेथे हा अनुभव नवा नाही. मॉनिटर गेला असे समजून तो अडगळीत टाकला जातो. वास्तविक पडदा शाबूत असतो. आजारी असतो तो त्याच्या पाठीमागील वीजपुरवठ्याचा भाग.

घरातील २३० व्होल्टची वीज मॉनिटरला थेट चालत नाही. आतील पट्टीवर प्रथम तिचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होते. मग एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ती छोट्या ट्रान्सफॉर्मरला देतो आणि पलीकडून १२ किंवा ५ व्होल्टसारखा सौम्य दाब मिळतो. या विजेतील चढउतार शोषून ती स्थिर ठेवण्याचे काम कपॅसिटर करतात. अॅल्युमिनियमच्या या छोट्या डब्यांत द्रव रसायन भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. हा द्रव आटला की कपॅसिटर निकामी होतो.

खान्देशच्या हवामानाचा संबंध येतो तो येथे. कपॅसिटरवर १०५ अंश ही कमाल तापमानाची मर्यादा छापलेली असते आणि त्या तापमानाला त्याचे आयुष्य बहुधा २,००० तासांचे धरलेले असते. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे ६५ अंशांवर ३२,००० तास, तर ७५ अंशांवर १६,००० तास. रोज आठ तास वापर धरला, तर पहिल्या हिशेबाने अकरा वर्षे आणि दुसऱ्याने जेमतेम साडेपाच. मॉनिटरच्या बंदिस्त खोक्यात पंखा नसतो, त्यामुळे खोलीतील प्रत्येक अंश आत जसाच्या तसा वाढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखालील दुकानात या डब्यांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

गंमत अशी, की तक्रार येते ती बहुधा थंडीत. द्रव कमी झाला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि गारव्यात तो आणखी चढतो. डिसेंबरमध्ये धुळ्याचे किमान तापमान दहा अंशांखाली उतरते. अशा सकाळी मॉनिटर चार-पाच वेळा कळ दाबल्याशिवाय जागा होत नाही. दुपारी तोच सुरळीत चालतो. हे लक्षण दिसले, की कपॅसिटरवरच पहिला संशय घ्यावा.

दोष केवळ उन्हाचा नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभर बाजारात आले. आत वायू तयार होऊन त्यांच्या टोप्या फुगत. संगणकांमधील अशाच बिघाडांपोटी डेल कंपनीने २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती.

दुरुस्तीचे साहित्य महाग नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या बाजारात या कामाचे कारागीर भेटतात. नवा कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा, तेवढ्याच किंवा थोड्या अधिक व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि कमी रोधाचा हवा. साधा स्वस्त डबा बसविला तर काही महिन्यांत पुन्हा तेच दुखणे. धन-ऋण टोके उलटी झाल्यास तो फुटतो. टोपी फुगलेली नसली तरी कपॅसिटर खराब असू शकतो, म्हणून जुन्या पट्टीवरील त्या भागातील सर्वच बदलून घेणे शहाणपणाचे. फ्यूज उडाला असेल, तर नुसता फ्यूज बदलून भागत नाही. तो उडण्यामागे बहुधा आतील ट्रान्झिस्टर किंवा डायोड जळालेला असतो. जाणता कारागीर म्हणूनच पहिली चाचणी बल्ब जोडलेल्या सिरीज बोर्डवर घेतो.

चित्र अगदी अंधुक दिसत असेल, विजेरीच्या झोतात अक्षरे वाचता येत असतील, तर बिघाड पडद्यामागील प्रकाशाचा आहे.

मात्र घरी पेचकस घेऊन बसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असे नाही. ४०० किंवा ४५० व्होल्ट असे छापलेल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठून राहू शकते आणि तिचा धक्का जिवावर बेतू शकतो. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची सवयही घातकच. योग्य रोधकातून ती निचरून, मल्टिमीटरवर शून्य पाहिल्यावरच आत हात घालावा. सोल्डरिंगचा सराव नसलेल्यांनी तर झाकण उघडूच नये.

पडदाच फुटला असेल, तर दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. पण तो मॉनिटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकण्याजोगा नव्हे. जुन्या एलसीडीत प्रकाशासाठी पाऱ्याचा अंश असलेल्या बारीक नळ्या असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जायला हवा.