वाळू किती काढायची हे ठरवणारा कागद तुम्ही पाहिलाय का?

शेतकरी बंधूंनो, नदीकाठी तुमची विहीर असेल तर एक हिशेब करून बघा. पात्रातली एक एकर जागा घ्या. तिथला एक फूट जाडीचा वाळूचा थर उचलला, तर सुमारे ४३५ ब्रास वाळू निघते. हा हिशेब कुठलाही ठेकेदार तोंडपाठ सांगेल. दुसरा हिशेब मात्र कुणी सांगत नाही. वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते. ती तीस टक्के धरली, तर पाण्याने भरलेल्या त्याच थरात सुमारे ३ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरचे ३७ टँकर! वाळू गेली की ही साठवण गेली. शिवाय पात्र खोल झाले की काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे उतरू लागते. मग मोटर कोरडी पडते, नि आपण दोष देतो पावसाला.

वाळू काढूच नका, असे सरकारही म्हणत नाही. घरे, रस्ते, पूल बांधायला वाळू लागतेच. प्रश्न आहे तो किती काढायची याचा. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात सांगितले, की पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी. त्यानंतर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये शाश्वत वाळू उत्खननाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये देखरेखीच्या. त्यांचा गाभा साधा आहे. पावसाळ्यात नदी जेवढी नवी वाळू आणून टाकते, त्या मर्यादेत काढा. पावसाळ्यात पात्रात उतरू नका. पाणी लागले की थांबा.

आता बघा, नवी वाळू येते कुठून? वरच्या अंगाने. पण वर धरण असेल तर बरीचशी वाळू तिथेच अडते. भीमेवर उजनी आहे, गोदावरीवर जायकवाडी. धरणाखालच्या गावांना भर कमी मिळते, उपसा मात्र थांबत नाही. त्यातून आपला काळा पाषाण झिजून माती जास्त होते, वाळू थोडी. आजोबांच्या काळात साठलेली वाळू आपण दहा-वीस वर्षांत हायवाने नेली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

हे सारे ज्यात मोजून मांडायचे असते, तो कागद म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. कुठल्या घाटात किती वाळू आहे, दरवर्षी किती भरते, किती काढता येईल, हे त्यात असावे लागते. २०१६ च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस ठेवायचा असतो. त्या मुदतीत कुणीही लेखी हरकत देऊ शकतो. दर पाच वर्षांनी तो सुधारायचा असतो. वाळू किती भरते याचा अभ्यासच नसेल, तर तसा अहवाल ग्राह्य नाही, असे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले. सरपंच नि ग्रामसेवक मंडळींनी आपल्या घाटाचे पान काढून ग्रामसभेत वाचावे. पात्रात खडक उघडा पडलाय आणि कागदावर दहा फूट वाळू, असे दिसले तर हरकत तिथेच लिहा. लिलाव झाल्यावर बोंब मारून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पुराने शेतात टाकलेली वाळू मालकाने काढली, गावकऱ्यांनी घरच्या वापराला किंवा गावकामाला परंपरेने वाळू-माती नेली, कुंभाराने माती घेतली, विहीर खणली, तर त्याच अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही. मात्र ही सूट फक्त त्या मंजुरीपुरती. महसूल खात्याचे नियम वेगळे, तेव्हा ट्रॅक्टर भरण्याआधी तहसील कार्यालयात विचारून घ्या. घरकुलाचे लाभार्थी असाल तर राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. तुमच्या पंचायतीच्या यादीतल्या किती जणांना ती मिळाली, हेही त्याच ग्रामसभेत विचारा.